एकाहत्तर सेकंद

क्लाक्सविकच्या धक्क्याला बचावबोट उभी असते
तोंड समुद्राकडे करून,
चपला घालूनच बसलेल्या माणसासारखी.

हानुस म्हणाला,
"आम्ही चौघं अंथरुणातून उठतो, सूट चढवतो, दोर सोडतो,
आणि तुझा कंप्यूटर अजून जांभया देत असतो."
मग खिशातून स्टॉपवॉच काढलं,
वल्ह्यांच्या शर्यतीतलं, काचेला तडा गेलेलं.
आकडा त्यानं वाचून दाखवला नाही.
नुसतं माझ्यापुढे धरलं.

नोव्हेंबरात इथे तीन वाजताच दिवस मिटतो.
हीटरला पाय लावून मी नोंदी वाचायला घेतल्या.
यंत्र जागं होतं म्हणजे आधी हजेरी घेतं:
मेमरी? हजर.
घड्याळ? हजर.
डिस्क? हजर, हजर.
चार सेकंदांत निम्मा वर्ग हात वर करून मोकळा.
त्यानंतरची ओळ थेट छत्तिसाव्या सेकंदाची.

मध्ये काहीच नाही.
स्क्रीनवर ते अंतर एका ओळीचं दिसतं.
बर्फगार पाण्यात पडलेल्याला विचारा, बत्तीस सेकंद किती लांब असतात.

"तिसऱ्या पोर्टवर कोण आहे?" मी विचारलं.
हानुसनं डोकं खाजवलं. "एको साउंडर.
म्हणजे, होता.
बाउर्दुरनं काढून नेला, त्याला सहा वर्षं झाली."
खाली वाकून पाहिलं तर वायर अजून तिथेच,
टोकाला काळी चिकटपट्टी.
आणि हे यंत्र सहा वर्षं, रोज, न कंटाळता
त्याला हाक मारायचं,
दाराशी थांबायचं,
आणि मग "उत्तर नाही" असं लिहून पुढे जायचं.
कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

नाव कमी केलं. बत्तीस सेकंद गेले.

पुढचा खोळंबा निराळा होता.
डोलकाठीवरचा कॅमेरा थंडीत आखडलेला,
भिंग तापवून डोळे उघडायला त्याला बावीस सेकंद लागतात,
आणि तोवर नकाशा, रेडिओ, रडार
सगळे त्याच्या मागे रांगेत.
गैरहजर वेगळा, सावकाश वेगळा.
सावकाश माणसाचं नाव खोडायचं नसतं,
पण त्याच्यासाठी पंगतही अडवायची नसते.
त्याचं पान मांडून ठेवलं,
बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही बसा, तो येईल.

मग मात्र मला जोर चढला.
दिसेल ती प्रतीक्षा कापत सुटले.
अकरा सेकंदांवर आणलं, आणि रडार कोरं.
नुसता काळा गोल, त्यात एकही बेट नाही.
समोर कुनोय अख्खं उभं असताना.
तासभर शोधल्यावर सापडलं:
वीज पोचते, पण स्थिरावायला तिला
सेकंदाचा दहावा भाग हवा असतो.
तेवढा थांबा कुणीतरी जाणूनबुजून ठेवलेला,
मी तो आळस समजले होते.
जिथला तिथे परत ठेवला, आणि बाकी कापलेलंही
एकेक तपासून बरंचसं परत जोडलं.

सतरा.
हानुसनं तीनदा मोजलं.
तिसऱ्यांदा तर बटण दाबायलाच विसरला.

संध्याकाळी बाउर्दुर आला, हातात मासळीचा डबा.
"तो साउंडर आहे हं अजून, गॅरेजमध्ये, बाकाखाली.
चालू आहे. लागला कधी तर..."
मी मान हलवली.
त्याची ओळ मी पुसली नव्हती, नुसती झाकली होती,
वर एक टीप लिहून:
इथे कुणी होतं. आलंच तर ही ओळ उघडा.

शुक्रवारी रात्री पावणेदोनला भोंगा झाला.
खिडकीतून मला बोटीची केबिन दिसते.
आधी रडारचा हिरवा उजेड, मग नकाशाचा,
सगळं तयार,
आणि धक्क्यावर एका पायावर लंगडत
हानुस शिव्या घालत होता
डाव्या बुटाच्या चेनला.